वृद्ध आणि सार्वजनिक वाहतूक

बस, आगगाडी, ट्राम, भुयारी रेल्वे इ. सर्वांस खुल्या असलेल्या वाहनांचा वृद्धांकडून होणारा वापर आणि त्याचा त्यांच्या समाजातील सहभागाशी असलेला संबंध. वृद्धत्वाची वयोमर्यादा सर्वत्र सारखी नाही. भारतात २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण अधिनियमानुसार ६० वर्षे पूर्ण केलेली व्यक्ती ज्येष्ठ नागरिक ठरते. तथापि वाहतूक संस्था सवलतीसाठी आपापल्या मर्यादा ठरवितात.

वयात आलेल्या माणसाचा बहुतेक प्रवास कामासाठी असतो व तो टाळता येत नाही. कामातून निवृत्त झाल्यावर हा सक्तीचा प्रवास संपतो आणि दवाखाना, बाजार, मुलीचे घर, देवदर्शन, लग्नकार्य, जुन्या स्नेह्यांची भेट असा ऐच्छिक प्रवास उरतो. वाहतुकीच्या नियोजनात मात्र वाचलेल्या वेळेचे मोल बव्हंशी मजुरीच्या वा उत्पन्नाच्या हिशेबाने धरले जाते. त्यामुळे वृद्धांच्या फेऱ्या हिशेबात हलक्या ठरतात व तोट्यातील मार्ग बंद करताना प्रथम त्यांच्याच वेळच्या गाड्या जातात. वस्तुतः याच फेऱ्यांवर वृद्ध माणसाचे घराबाहेरील संबंध टिकून असतात. भेटीगाठी थांबल्या, की माणूस हळूहळू निर्णयांतून, वार्तेतून व अखेर गणतीतूनही गळतो.

समाजाच्या व्यवहाराबाहेर पडलेल्या अशा गटांकडे फ्रेंच प्रशासक रने लन्वार यांनी १९७४ मध्ये आपल्या ग्रंथात लक्ष वेधले. त्यांत त्यांनी विकलांग वृद्धांचाही समावेश केला होता. वाहतुकीशी या कल्पनेची सांगड ब्रिटिश शासनाच्या सामाजिक वंचितताविषयक विभागाने २००३ मधील अहवालात घातली. वाहने किती वेगाने धावतात यापेक्षा दवाखाना, बाजार, शाळा व नोकरीचे ठिकाण लोकांना गाठता येते की नाही, हा त्यातील मुख्य प्रश्न होता.

प्रवासभाड्यातील सवलत हा या प्रश्नावरील सर्वांत जुना व लोकप्रिय उपाय होय. आयर्लंडने १९६७ मध्ये वृद्धांसाठी मोफत प्रवासाची योजना सुरू केली. लंडनमध्ये १९७३ पासून वृद्धांना सवलतीचा परवाना मिळू लागला. इंग्लंडमध्ये २००६ साली स्थानिक क्षेत्रापुरता व १ एप्रिल २००८ पासून देशभर बसप्रवास मोफत झाला. साठ वर्षांची प्रारंभीची वयोमर्यादा पुढे सरकारी निवृत्तिवेतनाच्या वयाशी जोडण्यात आली. ही कायदेशीर सवलत कामाच्या दिवशी सकाळी ९·३० नंतरच लागू होते. म्हणून थांब्यावर ‘फार लवकर आलो का?’ असे विचारणाऱ्या वृद्धांना बसचालकांनी त्याच इंग्रजी शब्दांच्या उच्चारावरून ‘ट्वर्ली’ असे विनोदी नाव दिले. परवान्याने प्रवासाचा हक्क मिळाला, पण बस चालविण्याचे बंधन कोणावर आले नाही. २०१० नंतर स्थानिक संस्थांच्या अनुदानात कपात होऊन अनेक ग्रामीण मार्ग बंद पडले व हाती परवाना असूनही गावात बस नाही, अशी स्थिती तेथे उद्‌भवली.

दक्षिण कोरियात १९८४ पासून ६५ वर्षांवरील नागरिकांना भुयारी रेल्वेने विनामूल्य प्रवास करता येतो. सेऊलमध्ये या सवलतीच्या आधारे वृद्ध पुरुषांचा हातोहात पार्सले पोहोचविण्याचा एक छोटा व्यवसायच उभा राहिला. वृद्धांची संख्या वाढल्यामुळे तोट्याचा भार कोणी सोसावा, हा तेथील वादाचा विषय आहे. जपानमध्ये राष्ट्रीय रेल्वेने १५ सप्टेंबर १९७३ या वृद्ध सन्मानदिनी वृद्धांसाठी राखीव ‘रुपेरी आसने’ सुरू केली.

भारतात २०११ च्या जनगणनेनुसार साठ व त्यांवरील वयाचे लोक १० कोटींहून अधिक होते व त्यांपैकी सु. ७ कोटी ग्रामीण भागात राहत होते. भारतीय रेल्वेत ६० वर्षांवरील पुरुषांना ४० टक्के व ५८ वर्षांवरील स्त्रियांना ५० टक्के सवलत होती. कोव्हिड-१९ च्या साथीत २० मार्च २०२० पासून ती स्थगित करण्यात आली व साथ ओसरल्यावरही अनेक वर्षे पूर्ववत झाली नाही. महाराष्ट्रात राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या, म्हणजे ‘एस्‌टी’च्या, गाड्यांत ६५ वर्षांवरील प्रवाशांना निम्मे भाडे पडते. २६ ऑगस्ट २०२२ पासून अमृत ज्येष्ठ नागरिक योजनेखाली ७५ वर्षांवरील व्यक्तींना राज्यात मोफत प्रवास मिळाला. १७ मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांना निम्मे भाडे लागू झाले. त्याचा एक अप्रत्यक्ष लाभ वृद्धांनाही झाला. कारण दवाखान्यात वृद्धासोबत बहुधा सून किंवा मुलगी जाते व पूर्वी सोबतीचे पूर्ण भाडे भरावे लागे.

तथापि सवलत गाडीच्या मागून येते. ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळात एस्‌टी कर्मचाऱ्यांच्या संपामुळे फेऱ्या बंद वा तुरळक झाल्या, तेव्हा सवलतीला काहीच अर्थ उरला नाही. काळी-पिवळी वा वडाप जीपगाडीचे पूर्ण भाडे देऊन दाटीत बसणे किंवा घरी राहणे एवढेच पर्याय होते. एरवीही लहान गावाची गाडी पुष्कळदा सकाळी एक व सायंकाळी एक अशीच असते. तिची वेळ शाळेच्या मुलांवरून ठरते. श्रावणबाळ योजनेच्या पैशासाठी किंवा तपासणीसाठी तालुक्याला गेलेल्या वृद्धाचे काम तासाभरात उरकते, पण परतीची गाडी येईपर्यंत त्याला दिवसभर स्थानकावर बसावे लागते. रात्री गावात थांबून पहाटे सुटणारी मुक्कामी गाडी मात्र रुग्णालयाच्या सकाळच्या वेळेस सोयीची पडते. ती बंद झाल्याचा फटका आकडेवारीत सहसा दिसत नाही.

गाडी आली, तरी तीत चढणे ही वेगळीच अडचण असते. भारतीय शहरी बसगाड्यांत नीचतल गाडीचा तळ जमिनीपासून सु. ४०० मिमी., अर्धनीचतल गाडीचा ६५० मिमी. व नेहमीच्या गाडीचा सु. ९०० मिमी. उंच असतो. गुडघे दुखणाऱ्या माणसास या शेवटच्या गाडीच्या पायऱ्या चढणे म्हणजे जिना चढण्याहून कठीण. कारण जिन्याच्या पायऱ्या बुटक्या असतात व मागून कोणी घाई करीत नाही. प्रवासी आसनावर बसण्यापूर्वीच गाडी सुरू झाल्याने वृद्ध पडतात. याला उपाय यंत्राचा नसून चालकाच्या सवयीचा आहे. थांब्यापर्यंतचा रस्ताही प्रवासाचाच भाग होय. पादचाऱ्यांच्या दिव्याची वेळ अनेक देशांत सेकंदास १·२ मी. चाल गृहीत धरून ठरविली जाते. इंग्लंडमधील एका पाहणीत ६५ वर्षांवरील पुरुषांची सरासरी चाल सेकंदास ०·९ मी. व स्त्रियांची ०·८ मी. आढळली. मोबाइलवरील तिकिटे व वेळापत्रके सोयीची असली, तरी चौकशीची खिडकी बंद करून ती आणल्यास वृद्धांची अडचण वाढते.

वयाचा दाखला मागताना होणारी हेटाळणी हाही अडथळाच आहे. सवलतीच्या रकमेची प्रतिपूर्ती शासन महामंडळास करते. वृद्ध प्रवासी वाहकाचा उपकृत नसतो. परंतु भरलेल्या गाडीत ‘फुकटचे प्रवासी’ हा शब्द ऐकला, की पुढच्या खेपेस जाण्याचा बेत पुष्कळदा रहित होतो. स्थानकावर स्वच्छ शौचालय व टेकायला पाठ असलेला बाक नसणे, ही उणीव तर इतकी सर्वत्र आढळते, की तिची नोंदही होत नाही. तिच्यामुळे कित्येक वृद्ध स्त्रिया प्रवासाच्या दिवशी सकाळपासून पाणी पिण्याचे टाळतात व दोन तासांपलीकडच्या गावी जाणे सोडून देतात.