डोया, डोळा आणि आय : प्राथमिक शाळेतलं इंग्रजी

असोद्यात उभं राहून भाषेवर बोलायचं तर जरा जपूनच बोलावं लागतं. बहिणाबाई चौधरींचं हे माहेर. १८८० साली त्या इथं जन्मल्या. अक्षरओळख नव्हती. सोपानदेवांनी आणि घरच्यांनी त्यांच्या कविता टिपून घेतल्या म्हणून त्या उरल्या, आणि त्यांचं पुस्तक निघालं ते त्या गेल्यानंतर, १९५२ साली. लिहिता-वाचता न येणं आणि भाषा न येणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, याचा यापेक्षा मोठा दाखला मला तरी माहीत नाही. आजचा विषय प्राथमिक शाळेतल्या इंग्रजीचा आहे, आणि तिथं नेमकी हीच गफलत होते.

माझ्यापासूनच सुरुवात करतो. आमचं इंग्रजी हायस्कुलात गेल्यावर सुरू झालं. एके दिवशी सरांनी धडा वाचायला उभं केलं. के-एन-आय-एफ-ई असा शब्द आला, मी खणखणीत आवाजात वाचलं, 'कनिफे'. वर्ग हसला, सरही हसले. त्यानंतर बी.ए.च्या तोंडी परीक्षेपर्यंत मी इंग्रजीत तोंड उघडलं नाही. पुढं तत्त्वज्ञान शिकलो, इंग्रजी ग्रंथ वाचले, प्रबंध लिहिला. पण बोलायची वेळ आली की पोटात गोळा यायचा तो यायचाच.

आता त्या 'कनिफे'कडे जरा नीट बघा. ती चूक होती, पण वेडेपणा नव्हता. मराठीत अक्षराचं नाव हाच त्याचा उच्चार. 'क'ला क म्हणायचं आणि वाचतानाही कच वाचायचं. जे लिहिलंय ते वाचायचं, सगळं वाचायचं. हा नियम मी इमानदारीनं इंग्रजीला लावला. इंग्रजीत अक्षराचं नाव एक आणि आवाज दुसरा. 'एच' या नावात ह कुठं आहे? 'डब्ल्यू'मध्ये व आहे का? आणि आपण मुलांकडून काय घोकून घेतो? 'सी ए टी कॅट.' सी, ए, टी जोडून 'सीएटी' होईल, कॅट कसं होईल? मूल विचार करणारं असेल तर ते इथंच अडकतं. पाठांतर करणारं पुढं जातं, आणि आपण म्हणतो, वा, हुशार आहे.

त्याऐवजी आवाज जोडून बघा : क्, ॲ, ट्. मुलाला कॅट सापडते, आणि ती त्याची त्यानं शोधलेली असते. आपल्या लिपीत ॲ आणि ऑ ही चिन्हं इंग्रजी शब्दांसाठीच घेतलेली आहेत, ती फळ्यावर खुशाल वापरा. पण देवनागरीचा हा पूल अर्ध्यापर्यंतच पोचतो. थांबायचं तेही 'वेट' आणि ओलं झालं तेही 'वेट'. लिहिताना आपण दोन्ही सारखंच लिहितो, फरक कानानंच कळतो. म्हणून कान आधी, मग जीभ, मग डोळा, आणि हात सगळ्यात शेवटी. आपल्या शाळांत नेमका उलटा क्रम चालतो. पहिल्या आठवड्यात चार रेघी वही येते.

महाराष्ट्रात सगळ्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. तेव्हा मोठा वाद झाला. लवकर की उशिरा, एवढ्यावरच सगळे भांडत राहिले. कसं शिकवायचं, यावर फारसं कुणी बोललं नाही. ज्या शिक्षकांवर हे काम पडलं त्यांना मी दोष देणार नाही. एकच बाई सगळे विषय शिकवतात, आणि त्यांचं स्वतःचं इंग्रजी माझ्यासारखंच हायस्कुलातलं. 'असर'च्या २०२२च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या मुलांपैकी साधी इंग्रजी वाक्यं वाचू शकणारी २४.५ टक्के होती. २०१६ सालीही आकडा जवळपास तोच होता.

आता आपल्या भागाची खास गोष्ट. इथलं मूल घरी 'डोया' म्हणतं, 'शाया' म्हणतं. शाळेत पहिल्याच दिवशी कळतं की आपलं चुकतंय, 'डोळा' म्हणायचं. म्हणजे पुस्तकी मराठी हीच त्याची दुसरी भाषा, इंग्रजी तिसरी. ज्या मुलाला पहिल्याच शब्दाला टोकलं, ते तिसऱ्या भाषेत बोलेल कशाला? फळ्यावर तिन्ही शब्द लिहा ना! घरी डोया, पुस्तकात डोळा, इंग्रजीत आय. मग एखादं पोरगं म्हणेल, 'आय म्हणजे मी.' दुसरं म्हणेल, 'आय म्हणजे आई.' होऊ द्या गोंधळ, त्यातच भाषा आहे.

लुडविग विटगेन्स्टाइन हा विसाव्या शतकातला फार मोठा तत्त्वज्ञ. १९२० ते १९२६ तो ऑस्ट्रियातल्या खेड्यांत प्राथमिक शिक्षक होता हे पुष्कळांना ठाऊक नसतं. १९२६ साली त्यानं शाळकरी मुलांसाठी एक छोटा शब्दकोश छापला. त्या मुलांच्या तोंडी असलेले शब्द, आणि बोलीमुळे लिहिताना होणाऱ्या चुका ध्यानात घेऊन. (तो मुलांना मारायचाही, आणि त्यातूनच त्याची शिक्षकी संपली. हेही सांगायला हवं.) पुढं त्यानं मांडलं की शब्द म्हणजे वस्तूला चिकटवलेली चिठ्ठी नव्हे, शब्दाचा अर्थ त्याच्या वापरात असतो. 'ॲपल म्हणजे सफरचंद' ही चिठ्ठी झाली. असोद्याचं भरिताचं वांगं टेबलावर ठेवा आणि म्हणा, 'पुट द ब्रिंजल इन द बास्केट.' मूल उठेल आणि ठेवेल. दुसऱ्या दिवशी तेच मूल तुम्हाला हुकूम सोडेल. गंमत अशी की 'ब्रिंजल' हा शब्द इंग्लंडात रोजच्या बोलण्यात नाही. तो पोर्तुगिजांकडून इथल्या इंग्रजीत आला. म्हणजे तो आपलाच म्हणायला हरकत नाही.

हे सगळं हवेतलं नाही. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी १९८६ साली कमला निंबकर बालभवन सुरू केलं. बाई जन्मानं अमेरिकन, इंग्रजी त्यांची मातृभाषा. पण शाळा काढली ती मराठी माध्यमाची. पीएच.डी.साठी त्यांनी फलटणच्या बोलण्यातलेच भेद अभ्यासले होते. मुलाची बोली ही अडचण मानायची नसते, हे त्यांना अभ्यासातून कळलं होतं. आम्हाला ते घरात असून कळलं नाही. माझ्या मुलाला मी इंग्रजी माध्यमात घातलं. तो फाडफाड बोलतो, पोटात गोळा वगैरे काही नाही. पण माझी आई त्याच्याशी बोलायला लागली की तो माझ्याकडे बघायचा, मी अर्थ सांगावा म्हणून. आई मग हळूहळू त्याच्याशी कमीच बोलायला लागली.

म्हणून परवा एका ताईंनी विचारलं, 'सर, पोराले इंग्लिश मीडियममधी टाकू का?' तेव्हा मला उपदेश करवेना. म्हटलं, ताई, फी आणि गाडी नंतर बघा. आधी कुठल्याही शाळेत जा, इंग्रजीच्या तासाला वर्गाबाहेर दहा मिनिटं उभ्या राहा. त्या म्हणाल्या, 'मले काय समजते इंग्रजीतलं?' म्हटलं, समजायची गरज नाही. सगळा वर्ग एका सुरात ओरडतोय, की एखादं मूल एकटं, चुकत चुकत बोलतंय आणि बाकीचे हसत नाहीयेत, एवढंच ऐका.