अबोधाकडे जाणारी सावकाश वाट

ऑक्टोबर १९२४ मध्ये आंद्रे ब्रेताँने पॅरिसमध्ये अतिवास्तववादाचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. विवेकाचा पहारा उठवला की अबोध मन आपोआप बोलू लागेल, हा त्यातला मुख्य विश्वास. पुढच्याच महिन्यात, २ नोव्हेंबरला, नागपुरात वासुदेव गायतोंडे जन्मले. पुढे १९३९ ते १९४३ या काळात सय्यद हैदर रझा नागपूरच्याच कलाशाळेत शिकले. या दोघांसोबत नागावच्या प्रभाकर बरवे यांची चित्रे पाहिली, तर आपल्या चित्रकारांनी अबोधाकडे जाताना पॅरिसच्या उलट वाट धरली असे माझे मत बनते. त्यांनी पहारा उठवला नाही; हाताला इतकी शिस्त लावली की मन आपोआप मोकळे झाले.

सगळ्यात ठळक पुरावा बरव्यांचा (१९३६–१९९५). साठच्या दशकात बनारसच्या विणकर सेवा केंद्रात काम करताना तंत्रमार्गातल्या आकृत्यांनी त्यांना ओढून घेतले. पुढे मात्र त्यांच्या कॅनव्हासवर कंगवा, सेफ्टी पिन, घड्याळ, पान, फळ अशा घरातल्या वस्तू आल्या. जमिनीचा आधार नसलेल्या, स्वप्नात असतात तशा वजनरहित. रंग बहुधा एनॅमलचा, सपाट, भावनेने थरथरणारा फटकारा कुठेच नाही. ते सतत टिपणे करीत, आणि १९९० च्या ‘कोरा कॅनव्हास’मध्ये हा विचार करणारा चित्रकार पूर्णपणे भेटतो. यावर आक्षेप येईल: इतके जाणीवपूर्वक आखलेले चित्र अबोधाचे कसे? पण आखणी आहे ती वस्तूच्या रेषेची. पान घड्याळाशेजारी का आले याचे कारण त्या आखणीत सापडत नाही, तरीही ती जोडी पाहणाऱ्याला पटते. स्वप्नातही प्रत्येक वस्तू स्पष्ट असते, त्यांचा संबंध तेवढा उलगडत नाही.

गायतोंड्यांना या ओळीत बसवणे काहींना खटकेल, कारण त्यांच्या चित्रांत अद्भुत असे दाखवायला काही नाही. ते स्वतः ‘अमूर्त’ हा शब्दही नाकारत. आक्षेप अर्धा खरा आहे. पण पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीच्या त्यांच्या चित्रांवर पॉल क्लेची छाया आहे, तिथे आकृत्या आणि खुणा आहेत. त्या पुसट होत गेल्या, तरी रोलरने आणि पॅलेट नाइफने पसरलेल्या रंगाच्या थरांखालून काहीतरी वर येत असल्याची जाणीव शेवटपर्यंत राहिली. वर्षाला मोजकेच कॅनव्हास होत. मधला वेळ वाट पाहण्याचा, आणि मला तोच त्यांच्या चित्राचा मोठा भाग वाटतो. झेन विचारावरचे त्यांचे प्रेम इथे कामी आले.

अबोध ही फ्रॉइडची, म्हणजे उसनी कल्पना, असेही म्हटले जाते. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्येच कलकत्त्यात मनोविश्लेषण संस्था काढली होती, तेव्हा कल्पना पोहोचली होती. चित्रकारांना तिची परवानगी मात्र लागली नाही. रझांचे बालपण मध्य प्रांताच्या जंगलात गेले, वडील वनखात्यात. रात्रीच्या अरण्याची ती धास्ती लगेच चित्रात उतरली नाही. नागपूर, मुंबई, फ्रान्स असा प्रवास झाल्यावर, कितीतरी दशकांनी, ती काळ्या वर्तुळात आली, आणि पुढे त्याच वर्तुळाला त्यांनी बिंदू म्हटले.