अजून न लिहिलेल्या संगीताचे पैसे

बेथोव्हेन, ब्राम्स, चायकोव्हस्की यांचे कन्चेर्टो उत्तम वाजवता आले की व्हायोलिनवादकाचे आयुष्य निघते. सभागृहे भरतात, बिदागीची चिंता उरत नाही. लुई क्रासनरलाही ही वाट मोकळी होती. १९०३ साली युक्रेनमधल्या चेर्कासीत जन्मलेला हा वादक लहानपणीच अमेरिकेत आला आणि बोस्टनच्या न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरीत शिकला. पण १९३५ च्या सुरुवातीला त्याने व्हिएन्नाचे संगीतकार आल्बान बर्ग यांना गळ घातली: माझ्यासाठी व्हायोलिन कन्चेर्टो लिहा, दीड हजार डॉलर देतो.

बर्गना पैशांची निकड होती. नाझी जर्मनीत त्यांचे संगीत वाजेनासे झाले होते. तरी ‘लुलू’ हा ऑपेरा हातावेगळा झाल्याशिवाय दुसरे काही घ्यायला ते राजी नव्हते. तेव्हा क्रासनरने वर्मावर बोट ठेवले. बर्ग वापरत त्या बारा स्वरांच्या पद्धतीचे संगीत डोक्यातून येते, त्यात भावना नसते, असा आक्षेप तेव्हा सर्रास घेतला जाई. तो खोडायचा तर व्हायोलिनसारख्या गाणाऱ्या वाद्यातूनच, आणि ते तुम्हीच करू शकता, असे त्याचे म्हणणे होते.

अर्नोल्ड शोनबर्ग यांच्या या पद्धतीत सप्तकातले बाराही स्वर ठरावीक क्रमाने येतात आणि कुठल्याच स्वराला षड्जाचा मान नसतो. त्यामुळे नव्या श्रोत्याला कान टेकवायला जागाच सापडत नाही. बर्ग यांनी ती जागा करून दिली. स्वरांचा क्रम बांधतानाच त्यांनी व्हायोलिनच्या चार मोकळ्या तारांचे स्वर त्यात गुंफले, आणि शेवटच्या चार स्वरांतून बाखच्या एका कोरालची, म्हणजे चर्चमधल्या समूहगीताची, सुरुवात ऐकू येते. रचना आकार घेत असताना त्यांनी क्रासनरला मनाला येईल ते वाजवायला सांगितले आणि ते तासन्‌तास ऐकले, अशी आठवण क्रासनरने पुढे सांगितली आहे.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये बर्ग यांच्या स्नेही आल्मा माहलर यांची अठरा वर्षांची मुलगी मानोन पोलिओने गेली. बर्ग यांनी रचना तिच्या स्मृतीला अर्पण केली आणि ऑगस्टमध्ये पुरी केली. २४ डिसेंबरला ते स्वतःच रक्तात विष भिनून वारले.

प्रथम वादन १९ एप्रिल १९३६ रोजी बार्सिलोनात ठरले. संचालन बर्ग यांचे मित्र अँटन वेबर्न करणार होते. पण तालमी मोजक्याच सुरांवर अडकल्या, ते बाजूला झाले आणि हर्मान शेर्खेन यांनी ऐनवेळी सूत्रे घेतली. पुढच्याच महिन्यात लंडनला बीबीसीच्या वाद्यवृंदासमोर वेबर्न उभे राहिले. त्या वादनाच्या तबकड्या क्रासनरने जपल्या, म्हणून वेबर्न यांनी हे संगीत कसे उभे केले ते आज ऐकता येते.

१९४० मध्ये क्रासनरने क्लीव्हलंडच्या वाद्यवृंदासह बर्गच्या कन्चेर्टोचे ध्वनिमुद्रण केले आणि त्याच वर्षी डिसेंबरात फिलाडेल्फियाला शोनबर्ग यांचा कन्चेर्टो प्रथम वाजवला. त्यातली बोटांची कसरत इतकी कठीण की हायफेट्झसारख्या वादकानेही ती टाळली होती. फिलाडेल्फियाच्या वाद्यवृंदाचे व्यवस्थापन नाखूश होते. क्रासनरची बिदागी संचालक स्टोकोव्हस्की यांनी पदरची दिली. नंतर क्रासनर मिनियापोलिसच्या वाद्यवृंदात प्रमुख वादक झाला आणि पुढे सिरॅक्युज विद्यापीठात शिकवू लागला. १९९५ मध्ये तो वारला.

नव्या संगीताचा पुरस्कार म्हणजे केवळ धाडसी आवडनिवड नव्हे. पैसे उभे करणे, संगीतकाराशी वाद घालणे, नाखूश व्यवस्थापकांना पटवणे, आणि पहिल्या वादनानंतरही तीच रचना गावोगाव नेणे, असे ते चारपदरी काम आहे. यातले शेवटचे सर्वांत कमी मिरवता येते आणि सर्वांत जास्त कामाला येते. कारण एकदाच वाजलेली रचना श्रोत्यांच्या कानांत मुरत नाही. बर्गचा कन्चेर्टो आज जगभरच्या वादकांच्या नेहमीच्या संग्रहात आहे. शोनबर्गच्या कन्चेर्टोचा समावेश असलेल्या ध्वनिमुद्रिकेसाठी व्हायोलिनवादक हिलरी हान हिला ग्रॅमी मिळाले. ज्या संगीताला कुणी विचारत नव्हते त्याची किंमत क्रासनरने आगाऊ मोजली होती, आणि तीही एका तरुण वादकाच्या खिशातून.