लिस्बनचे जेवण : टास्कापासून तारांकित उपाहारगृहापर्यंत

पोर्तुगालची राजधानी लिस्बनमध्ये दुपारचे साडेबारा वाजत आले, की जुन्या वस्त्यांतील लहान खाणावळींच्या काचेवर हाताने लिहिलेला एक कागद लागतो. त्या दिवशीचे तीन-चार पदार्थ आणि त्यांचे दर, एवढाच त्यावरील मजकूर असतो. आत टेबलांवर कागदी आच्छादने, कोपऱ्यात सुरू असलेला दूरचित्रवाणी संच आणि जेवायला आलेले बहुतेक जण आसपासच्या दुकानांत व कार्यालयांत काम करणारे. अशा खाणावळीला पोर्तुगीज भाषेत 'टास्का' म्हणतात. याच शहरात शियादो भागात मिशेलिन मार्गदर्शिकेचे दोन तारे मिळवलेले 'बेलकांतो' हे उपाहारगृहही आहे. तेथे जेवायचे तर बरेच आधी जागा राखून ठेवावी लागते.

पोर्तुगीज जेवणाची ही दोन टोके, एक पारंपरिक आणि दुसरे आधुनिक. मात्र दोन्ही ठिकाणची सामग्री बऱ्याच अंशी एकच आहे : खारवलेला कॉड मासा, सार्डिन, ऑलिव्ह तेल, लसूण, पाव आणि कोथिंबीर. नव्या पिढीच्या स्वयंपाकींना प्रेरणा मिळते ती टास्काच्या चुलीवरूनच. पर्यटनाच्या लाटेत आणि वाढत्या भाड्यांत हीच टास्का शहराच्या मध्यवर्ती भागातून मागे हटत आहे. त्यामुळे लिस्बनमध्ये कुठे जेवावे, हा प्रश्न आता केवळ प्रवाशांच्या सोयीचा उरलेला नाही.

कोळशाच्या वखारीतून आलेली खाणावळ

लिस्बनमधील अनेक जुन्या टास्कांचे मूळ स्पेनच्या गॅलिसिया प्रांतातून 18व्या आणि 19व्या शतकांत आलेल्या स्थलांतरितांकडे जाते. पाणी वाहणे, ओझी उचलणे, कोळसा विकणे अशी कष्टाची कामे हे लोक करत. कोळशाच्या वखारीतच पिंपातील वाइन विकली जाऊ लागली, तिच्यासोबत खायला काहीबाही शिजू लागले आणि त्यातून पुढे खाणावळी उभ्या राहिल्या.

टास्काचा कणा म्हणजे 'प्रातो दो दिया', अर्थात त्या दिवसाचा पदार्थ. दुपारी हाच पदार्थ सर्वांत ताजा आणि सर्वांत स्वस्त असतो. अनेक ठिकाणी आठवड्यातील एक ठरावीक दिवस 'कोझीदो' या पदार्थासाठी राखलेला असतो. त्यात मांसाचे विविध प्रकार, मसालेदार सॉसेज, कोबी, गाजर, बटाटे हे सारे एकत्र उकडून वाढतात. कोणत्या खाणावळीत कोणत्या वारी काय शिजते, हे नेहमीच्या गिऱ्हाइकांना तोंडपाठ असते.

मौरारिया, अल्फामा, ग्रासा या डोंगरउतारावरील जुन्या वस्त्यांत अशा जागा अजूनही सापडतात. मौरारियातील 'झे दा मौरारिया' ही खाणावळ कॉडच्या भरघोस वाढीसाठी ओळखली जाते. येथील 'एक वाढ' प्रत्यक्षात दोघांना पुरते. एकट्याने जेवताना 'मेया दोझ', म्हणजे अर्धी वाढ, मागणे शहाणपणाचे ठरते आणि बहुतेक टास्कांत ती मिळते.

परक्या समुद्रातील राष्ट्रीय मासा

पोर्तुगीज स्वयंपाकाची ओळख असलेला 'बाकाल्याव', म्हणजे खारवून वाळवलेला कॉड, पोर्तुगालच्या समुद्रात मिळत नाही. उत्तर अटलांटिकच्या थंड पाण्यातील हा मासा आज प्रामुख्याने नॉर्वे आणि आइसलँड या देशांकडून येतो. मीठ लावून वाळवल्याने तो महिनोनमहिने टिकतो. म्हणूनच लांबच्या सागरी सफरींच्या काळापासून तो पोर्तुगीजांच्या शिध्यात रुळला. 1934 पासून सालाझार राजवटीने न्यूफाउंडलंड आणि ग्रीनलंडकडे जाणाऱ्या मासेमारी ताफ्याला सरकारी पाठबळ दिले आणि कॉड घराघरांतल्या ताटात पक्का झाला.

स्वयंपाकापूर्वी हा मासा दिवस-दीड दिवस किंवा त्याहूनही अधिक काळ पाण्यात भिजवावा लागतो आणि ते पाणी वारंवार बदलावे लागते. कॉड करण्याच्या वर्षाच्या दिवसांइतक्या कृती आहेत, असे पोर्तुगीज लोक सांगतात. त्यातील 'बाकाल्याव आ ब्राश' ही लिस्बनची स्वतःची मानली जाते. माशाचे बारीक तंतू, काड्यांसारखे चिरून तळलेले बटाटे, कांदा आणि अंडी एकत्र करून ती बनते. बाइरो आल्तो भागातील ब्राश नावाच्या एका मद्यगृहचालकाने ती शोधली, अशी आख्यायिका आहे. साधी दिसणारी ही कृती टास्काची परीक्षा घेणारी आहे. अंडी फार शिजली तर पदार्थ कोरडा पडतो, कमी शिजली तर पाणचट होतो.

सार्डिनचा मात्र हंगाम असतो. जून उजाडला की मासा चरबीदार होतो. 12 जूनच्या रात्री संत अँटनीच्या उत्सवात अल्फामाच्या गल्ल्यांमध्ये निखाऱ्यांवर सार्डिन भाजले जातात. पावाच्या जाड कापावर मासा ठेवायचा, तो हाताने सोलून खायचा आणि माशाचा रस शोषलेला पाव शेवटी खायचा, ही तेथील रीत. हिवाळ्यात ताज्या सार्डिनची पाटी दिसली, तर तो मासा बहुधा गोठवलेला असतो, हे लक्षात घ्यावे.

मराठी वाचकांना ओळखीची वाटेल अशी एक गोष्ट म्हणजे कोथिंबीर. युरोपातील फारच थोड्या देशांत तिचा इतका मुक्त वापर होतो. लसूण, ऑलिव्ह तेल आणि कोथिंबीर घालून केलेले शिंपले 'आ बुल्याव पातो' या नावाने मिळतात. बुल्याव पातो हे 19व्या शतकातील कवी, त्यांच्या नावावरून हा पदार्थ ओळखला जातो. शिळा पाव, लसूण, कोथिंबीर आणि अंडे यांची 'आसोर्दा' हा मूळचा आलेंतेजू प्रांतातील गरिबांचा पदार्थ. तोही आज राजधानीत आवडीने खाल्ला जातो.

बिअरगृहे आणि गोड दुकाने

टास्काच्या एक पायरी वर 'सर्वेजारिया', म्हणजे बिअरगृहे. 'त्रिंदादे' हे बिअरगृह 1836 पासून एका जुन्या मठाच्या वास्तूत चालते. तेथील भिंतींवरील चित्रित फरशा पाहण्यासारख्या आहेत. आल्मिरांत रेइश मार्गावरील 'रामिरो' 1956 मध्ये सुरू झाले. कोळंबी, खेकडे, शिंपले तेथे वजनावर मिळतात. हे सारे संपल्यावर शेवटी गोड पदार्थाऐवजी पावात घातलेला गोमांसाचा तुकडा मागवण्याची तेथे प्रथा आहे. वजनावर विकल्या जाणाऱ्या पदार्थांचा दर आधी विचारून घेतला, तर बिल पाहून धक्का बसत नाही.

गोडाचा मान अर्थातच अंड्याच्या पिवळ्या बलकाच्या कस्टर्डने भरलेल्या खुसखुशीत 'पाश्तेल द नाता'ला. मठांमध्ये कपड्यांना खळ करण्यासाठी अंड्यांचा पांढरा भाग वापरला जाई आणि उरलेल्या बलकापासून मिठाया बनत, असे सांगितले जाते. 1834 मध्ये पोर्तुगालमधील धार्मिक मठ बंद करण्यात आले. त्यानंतर 1837 मध्ये जेरोनिमुश मठाशेजारी सुरू झालेले बेलेमचे दुकान आजही चालू आहे. 'पाश्तेल द बेलेम' हे नाव केवळ या दुकानाच्या मिठाईसाठी वापरले जाते, इतरत्र मिळते ती 'नाता'. फिगेइरा चौकातील 'कॉन्फेइतारिया नासिओनाल' तर त्याहून जुनी, 1829 मधील आहे.

नवे स्वयंपाकघर, जुनी सामग्री

आधुनिक पोर्तुगीज जेवणाची चर्चा जोझे आविलेझ यांच्यापासून सुरू होते. त्यांनी 2012 मध्ये शियादोतील 'बेलकांतो' नव्या रूपात सुरू केले. सोन्याची अंडी देणाऱ्या कोंबडीच्या गोष्टीवर बेतलेला त्यांचा अंड्याचा पदार्थ प्रसिद्ध आहे. कॅथेड्रलजवळील 'प्रादो' येथे आंतोनियो गालापितो 2017 पासून देशी, हंगामी मालावर भर देतात. 2024 पासून मिशेलिनने पोर्तुगालसाठी स्पेनपासून वेगळी मार्गदर्शिका काढण्यास सुरुवात केली. या पाककलेला स्वतंत्र ओळख मिळाल्याची ही एक खूण मानता येईल.

मात्र तारांकित उपाहारगृहांपेक्षाही लक्षवेधी ठरला आहे तो 'नवटास्का' हा प्रकार. उच्चभ्रू स्वयंपाकघरांत शिकलेले तरुण स्वयंपाकी जुन्या खाणावळी चालवायला घेतात. कागदी आच्छादने, मोठ्या वाढी आणि गोंगाट तसाच ठेवतात, पण शिजवण्यात नेमकेपणा आणतात. किल्ल्याच्या उतारावरील 'ओ वेल्यो एउरिको' हे त्याचे ठळक उदाहरण. शियादोतील 'ताबेर्ना दा रुआ दाश फ्लोरेश' येथे त्या दिवशीच्या बाजारानुसार फळ्यावर पदार्थ लिहिले जातात.

वेळ कमी असलेल्यांसाठी काइश दो सोद्रे येथील 19व्या शतकातील रिबेइरा मंडईत 2014 पासून 'टाइम आउट मार्केट' चालते. शहरातील नामवंत स्वयंपाकींचे पदार्थ तेथे एका छताखाली चाखता येतात. त्याच वास्तूच्या दुसऱ्या भागात भाजी-मासळीची मंडई अजून भरते. सकाळी ती पाहून मग जेवायला बसणे अधिक योग्य. अर्थात येथे जेवणाऱ्यांत पर्यटकांचा भरणा मोठा असतो आणि दरही त्यानुसार असतात.

गोव्याची चव, भारताची खूण

लिस्बनमधील जवळजवळ प्रत्येक कॅफेच्या काचपेटीत 'शामुसा' नावाचा त्रिकोणी पदार्थ दिसतो. हा आपला समोसाच. गोवा आणि मोझांबिकमार्गे तो तेथे पोहोचला. पोर्तुगीज राजवटीत अनेक गोमंतकीय मोझांबिकमध्ये स्थायिक झाले होते. 1975 मध्ये तो देश स्वतंत्र झाल्यावर त्यांतील अनेकांनी लिस्बन गाठले आणि आपले स्वयंपाकघरही सोबत नेले. मौरारियातील 'तेंतासोइंश द गोवा' या छोट्या उपाहारगृहात शागुती आणि कोळंबीची करी मिळते.

देवाणघेवाण दुतर्फा झाली. बटाटा, पाव, काजू हे मराठीतील शब्द पोर्तुगीजांकडून आले. वाइन आणि लसणीत मांस मुरवण्याच्या 'विन्या द आल्यूश' या पद्धतीतून गोव्याचे विंदालू घडले. वसई-मुंबईच्या ईस्ट इंडियन समाजाचे इंद्यालही त्याच कुळातले. विंदालूतील 'आलू' म्हणजे बटाटा नव्हे, लसूण, हे लिस्बनच्या टेबलावर बसले की चटकन उमगते.

शाकाहारी प्रवाशांची मात्र पारंपरिक खाणावळीत थोडी पंचाईत होते. हिरव्या पानांच्या 'काल्दो वेर्दे' या सूपमध्येही सॉसेजचा काप असतो, तो वगळण्यास आधीच सांगावे लागते. 'पेइशिन्युश दा ओर्ता', म्हणजे शब्दशः परसातले छोटे मासे, ही प्रत्यक्षात पिठात घोळून तळलेल्या फरसबीची भजी. जपानी टेंपुराचे मूळ या पदार्थात असल्याचे मानले जाते. पिठात अंडे असते का, ते विचारून घ्यावे. लुमियार भागातील राधाकृष्ण मंदिराच्या भोजनालयात भारतीय शाकाहारी जेवण मिळते.

भाडेवाढीच्या कात्रीत टास्का

लिस्बनमध्ये अनेक दशके जुन्या जागांची भाडी जवळपास गोठलेली होती. स्वस्त प्रातो दो दिया परवडत होता, तो त्यामुळेच. आर्थिक संकटाच्या काळात 2012 मध्ये भाडे कायदा बदलला. जुने करार मोकळे झाले आणि इमारतीच्या नूतनीकरणासाठी भाडेकरूला हटवणे सोपे झाले. त्याच सुमारास पर्यटकांचा ओघ वाढला. मध्यवर्ती इमारतींत हॉटेले आणि पर्यटकांसाठीची घरे झाली. जेवायला येणारे रहिवासी उपनगरांत गेले आणि अनेक टास्का बंद पडल्या.

महापालिकेने 2015 मध्ये ऐतिहासिक दुकानांना मान्यता देणारी योजना सुरू केली आणि 2017 मध्ये अशा व्यवसायांना भाडेकरारात काही संरक्षण देणारा राष्ट्रीय कायदा झाला. नामांकित मिठाईची दुकाने, जुनी कॅफे यांना त्याचा आधार मिळाला. परंतु ज्या खाणावळीत फरशांची कलाकुसर नाही, इतिहासाचा लेखी पुरावा नाही, केवळ चांगले आणि स्वस्त जेवण आहे, तिला हा वारसा सिद्ध करणे अवघड जाते. मालक थकला आणि मुले त्या व्यवसायात आली नाहीत, तर कोणताही कायदा चूल पेटती ठेवू शकत नाही.

चांगली टास्का कशी ओळखावी

दारात उभे राहून बोलावणारा माणूस, छायाचित्रांसह पाच भाषांतील पदार्थयादी आणि दिवसभर न थांबणारे जेवण, या पर्यटकांसाठीच्या जागेच्या खुणा आहेत. खऱ्या टास्कात यादी छोटी असते, ती रोज बदलते आणि दुपारी तीनच्या सुमारास स्वयंपाकघर थांबते. रात्रीचे जेवण साडेसात-आठनंतर मिळते.

टेबलावर न मागता येणारे पाव, ऑलिव्ह, चीज हे 'कुवेर' फुकट नसते. खाल्ले तर त्याचे पैसे पडतात. मात्र न मागितलेल्या आणि न खाल्लेल्या पदार्थाचे पैसे घेता येत नाहीत, असा पोर्तुगालमध्ये नियम आहे. नको असल्यास ते परत पाठवण्यात कोणी गैर मानत नाही.

दोन-तीन दिवसांच्या मुक्कामात दुपार टास्कासाठी, एक संध्याकाळ बिअरगृहासाठी आणि ऐपत असल्यास एक रात्र नव्या स्वयंपाकघरासाठी, अशी विभागणी सोयीची ठरते. क्रमही हाच ठेवावा. टास्कातील साधा बाकाल्याव आधी खाल्लेला असेल, तरच तारांकित उपाहारगृहातील स्वयंपाकीने त्यात काय बदलले आणि काय मुद्दाम तसेच ठेवले, हे कळते. शिवाय दुपारच्या त्या जेवणाचे पैसे काचेवरचा कागद उद्याही लागावा, यासाठी कामी येतात.