दुसरी प्रत

ग्रंथ एकाच ठिकाणीं असूं नये, हा धडा आमच्या वऱ्हाडास फार पूर्वीं मिळाला आहे. अमरावती जिल्ह्यांतील ऋद्धिपूर येथें म्हाइंभटांनीं तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत 'लीळाचरित्र' सिद्ध केलें. पुढें खिलजींच्या स्वारीच्या धामधुमींत मूळ पोथी नाहींशी झाली. महानुभाव परंपरा असें सांगते कीं, हिराइसेसारख्या शिष्यांस तें मुखोद्गत होतें, म्हणूनच ग्रंथ पुन्हां उभा राहिला. तथापि स्मरणावरून जुळवितांना जे पाठभेद शिरले, ते कायमचे राहिले.

आज कुटुंबाची पोथी म्हणजे घरचा संगणक. वडिलांचीं छायाचित्रें, वंशावळ, सातबाराच्या प्रती, जमाखर्च, सारें त्यांत असतें. तें कोणाच्याहि मुखोद्गत नसतें; आणि बहुधा एकाच हार्ड डिस्कवर असतें. या पेटींतील चकत्या मिनिटास ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात, व वाचणारें हेड केसाच्या जाडीच्या सहस्रांशाहूनहि कमी अंतरावरून, त्यांस न शिवतां फिरतें. एखादा धक्का बसला कीं चकतीवर ओरखडा उठतो. बार्शीटाकळीसारख्या गांवीं वैशाखांतील ऊन आणि अवचित जाणारी वीज यांचीहि बाधा आहेच. नव्या एसएसडींत फिरणारा भाग नसतो; परंतु ती पूर्वसूचनेवाचूनहि बंद पडते.

यावर अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनीं रूढ केलेला नियम सुटसुटीत आहे. प्रती तीन असाव्या, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्या, आणि एक घराबाहेर असावी. एक प्रत संगणकांत, दुसरी सुट्या डिस्कवर, तिसरी क्लाउडवर किंवा परगांवच्या भावाकडे, इतकें पुरे. विंडोजमधील फाइल हिस्टरी किंवा मॅकमधील टाइम मशीन हें काम आपोआप करतें. मात्र काम होतांच सुटी डिस्क काढून ठेवावी. सन २०१७ मधील वॉनाक्रायसारखा खंडणीखोर व्हायरस जोडलेल्या डिस्कवरील फाइलींसहि कुलूप घालतो. तसेंच, केवळ जुळवणी करणाऱ्या क्लाउडवर विसंबूं नये. येथें पुसलेली फाइल तेथूनहि पुसली जाते.

डिस्क टकटक वाजूं लागल्यास संगणक तत्काळ बंद करावा. पुन्हां पुन्हां चालू करून पाहूं नये. तज्ज्ञाकडून माहिती परत मिळविणें खर्चाचें असतें, आणि यशाची हमी नसते.

दर पौर्णिमेस प्रत घेण्याचा परिपाठ ठेवावा, व तीन महिन्यांनीं एकदां त्या प्रतींतील चार फाइली दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहाव्या. न उघडणारी प्रत असून नसल्यासारखीच. आणखी एक गोष्ट: एकत्र कुटुंबांत हें ज्ञान एकट्या पुतण्याजवळ असूं नये. डिस्क कोठें आहे आणि पासवर्ड कोणता, हें निदान दोघांस ठाऊक असावें, व एका वहींत लिहून ती घरच्या दस्तऐवजांबरोबर कपाटांत ठेवावी.