जुन्या पात्याची नवी घडण

शेजारचा वारसा : आज तेलंगणात असलेलं कोनासमुद्रम हे गाव 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. कोनासमुद्रमचं पोलाद घ्यायला एकेकाळी थेट इराणचे व्यापारी येत.

कृती : दक्षिण भारतात लोखंड आणि पालापाचोळा मातीच्या मुशीत घालून तोंड लिंपत, भट्टीत तापवत आणि सावकाश निववत. सुमारे दीड टक्का कार्बनचं हे पोलाद बेताच्या आचेवर ठोकलं, की पात्यावर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी उमटे. आच जास्त झाली, की नक्षी पुसली जाई.

पुनरुज्जीवन : अमेरिकी लोहार अल्फ्रेड पेंड्रे आणि धातुतज्ज्ञ जॉन व्हर्होवेन यांनी 1990च्या दशकात ही नक्षी पुन्हा घडवली. व्हॅनेडियमसारख्या धातूंचा अत्यल्प अंश तिच्या मुळाशी असल्याचं त्यांनी दाखवलं.

फरक ओळखा : आज याच नक्षीच्या ‘दमास्कस’ नावानं विकल्या जाणाऱ्या बहुतेक सुऱ्या मात्र दोन प्रकारच्या पोलादाचे थर जोडून, आम्लानं नक्षी उठवून केलेल्या असतात.

कायदा : भारतात 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याचं शस्त्र बाळगायला सरकारनं अधिसूचित केलेल्या भागांत परवाना लागतो. घरगुती आणि शेतीची अवजारं यातून वगळली आहेत.