परत न येणारे गिऱ्हाईक

समुद्रकाठच्या एखाद्या पर्यटनस्थळी रात्रीचे साधे, चवदार आणि परवडणारे जेवण कोठे मिळेल, हा प्रश्न वृत्तपत्रातील गंभीर पानावर चर्चा करण्याच्या योग्यतेचा आहे काय, असे कोणी विचारील. ज्यांच्या खिशाला झळ लागत नाही त्यांच्यापुरता तो नसेलही. परंतु वर्षाकाठी एकदा, रजेचा आणि शिलकीचा मेळ घालून कुटुंबासह बाहेर पडणाऱ्या शिक्षकाला वा कारकुनाला विचारून पाहावे. चार दिवसांच्या सहलीतील एक फसलेले जेवण त्याला घरी परतल्यावरही बोचत राहते. शिवाय अर्थशास्त्रातील एक फार जुना प्रश्न या जेवणात दडलेला आहे. विकणाऱ्याला सारे ठाऊक, घेणाऱ्याला काहीच ठाऊक नाही, आणि दोघांची पुन्हा गाठ पडण्याचा संभव नाही. अशा व्यवहारात सचोटी टिकावी ती कशाच्या बळावर?

प्रस्तुत लेखकाला या प्रश्नाची जाणीव झाली ती मालवणच्या धक्क्यावर. नाताळच्या सुटीचे दिवस होते आणि सोबत सत्तरी ओलांडलेले वडील होते. साताऱ्याकडच्या एका कोरडवाहू गावातून ते ऐन विशीत मुंबईच्या गिरणीत लागले आणि १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर कायमचे गावी परतले. मधली नऊ-दहा वर्षे ते लालबागेतील एका मालवणी मावशीच्या खानावळीत जेवले. घाटावरच्या या माणसाला मासळीची ओळख झाली ती तिच्या ताटात. तिरफळ घातलेल्या बांगड्याच्या कढीची आठवण ते आजही काढतात. ‘ज्या गावाहून ती चव आली, त्या गावात बसून एकदा जेवायचे आहे’, एवढीच त्यांची मागणी होती.

सूर्य सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटाआड उतरत होता. धक्क्याजवळ रोषणाई केलेली भोजनगृहे ओळीने उभी होती. प्रत्येकाच्या पाटीवर ‘अस्सल’ हा शब्द होता. त्यांतल्या एकात आम्ही बसलो. पदार्थांच्या यादीत सुरमई, पापलेट, कोळंबी होती; बांगडा नव्हता. माशांपुढे किमतीऐवजी ‘आकारानुसार’ असे छापलेले होते. आलेल्या सुरमईला बर्फाची शिळी चव होती, आणि तिन्ही वाट्यांतील रस्सा एकाच पातेल्यातून आलेला दिसत होता. बिलाचा आकडा वडिलांच्या महिन्याच्या औषधांइतका निघाला. त्यांनी तक्रार केली नाही. बाहेर आल्यावर एवढेच म्हणाले, ‘मावशीने असले जेवण एकदा वाढले असते, तर दुसऱ्या दिवशी तिच्या दारात कोण उभे राहिले असते?’

वर्गात तासभर बोलूनही जो मुद्दा विद्यार्थ्यांच्या गळी उतरत नाही, तो या एका वाक्यात आला होता.

उद्याच्या पंगतीचा धाक

गिरणगावातील खानावळ ही केवळ पोटाची सोय नव्हती. ती विश्वासावर उभी असलेली एक संस्था होती. गावाकडे कुटुंब ठेवून आलेला कामगार महिन्याच्या हिशेबाने जेवे आणि पगाराच्या दिवशी पैसे चुकते करी. खानावळ चालवणाऱ्या स्त्रिया बहुधा सावकाराच्या कर्जात बुडालेल्या असत. त्यांना एकत्र आणून राष्ट्रीयीकृत बँकांच्या कर्जाची वाट मोकळी करून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली, हा इतिहास अनेक वाचकांना ठाऊक असेल. संपाच्या काळात आमच्या वडिलांना त्या मावशीने कित्येक आठवडे उधारीवर जेवू घातले. ती उधारी त्यांनी पुढे गावाहून मनीऑर्डरने फेडली. अशा व्यवहारात आमटी पातळ करण्याचा मोह झाला, तरी तो परवडणारा नसतो. तेच गिऱ्हाईक उद्या पुन्हा पंगतीत बसणार असते; नावलौकिक हेच तेथले भांडवल असते.

धक्क्यावरच्या भोजनगृहापुढे हा धाक नाही. आज आलेला पाहुणा उद्या तारकर्लीला, परवा गोव्याला, आणि तेरवा आपल्या घरी असतो. तो संतुष्ट झाला काय आणि चडफडत गेला काय, त्याची रिकामी खुर्ची भरायला दुसरी मोटार येऊन उभीच असते.

जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन १९७० साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्यापूर्वी तीन नियतकालिकांनी तो परत पाठवला होता. पुढे २००१ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळवून देण्यात याच निबंधाचा मोठा वाटा होता. त्याचा मथितार्थ असा : मालाचा कस गिऱ्हाइकाला पारखता येत नसेल, तर ते सरासरी कसाचीच किंमत देऊ करते. त्या किमतीत उत्तम माल देणाऱ्याला तोटा येतो, म्हणून तो बाजारातून उठतो. तो उठला की सरासरी आणखी खाली येते. धक्क्यावर ताजा मासा रांधणाऱ्याला ताजेपणाचे मोल मिळत नसेल, तर तो शीतपेटीकडे वळेल किंवा दुकान बंद करील. यात कोणी दुष्ट असण्याची गरज नाही. दुष्टाव्यावाचून माल बिघडतो, हेच या सिद्धांताचे मर्म आहे.

आणि भोजनगृहाच्या मालकाची बाजूही ऐकली पाहिजे. जून आणि जुलै या दोन महिन्यांत यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते. पावसाळ्यात किल्ल्याची होडीही बंद होते. वर्षाचे भाडे आणि नोकरांचे पगार त्याला उरलेल्या महिन्यांत, त्यातही सुट्ट्यांच्या मोजक्या आठवड्यांत, काढावे लागतात. परंतु ‘जागेचे भाडे जास्त म्हणून जेवण महाग’ हे स्पष्टीकरण मात्र उलटे आहे. रिकार्डोने धान्य आणि खंड यांच्याविषयी दोनशे वर्षांपूर्वी जे दाखवून दिले, ते येथेही लागू पडते. समुद्र दिसतो म्हणून पाहुणा जास्त पैसे मोजायला तयार होतो, आणि तो तयार होतो म्हणून त्या जागेचे भाडे चढते. आपण सुरमईची म्हणून जी किंमत देतो, तिच्यातला मोठा हिस्सा सूर्यास्ताचा असतो आणि तो बहुतांशी जागेच्या मालकाकडे जातो. सूर्यास्त तर चार पावलांवर फुकट उपलब्ध असतो!

गर्दीचे शहाणपण

मग सामान्य माणूस काय करतो? जेथे गर्दी दिसते तेथे शिरतो. इतके लोक चुकतील कसे, असे त्याला वाटते. या समजुतीची चिकित्सा अभिजित विनायक बॅनर्जी यांनी १९९२ साली केली. मुंबईत जन्मलेले आणि मातृपक्षाने मराठी असलेले हे अर्थशास्त्रज्ञ पुढे २०१९ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले. त्यांनी घेतलेले उदाहरण उपाहारगृहांचेच आहे. शेजारी-शेजारी दोन उपाहारगृहे आहेत. शंभर माणसांपैकी नव्व्याण्णवांच्या कानी दुसरे चांगले असल्याची वार्ता आहे, केवळ एकाच्या कानी पहिले चांगले असल्याची. पहिल्याची ख्याती मुळात किंचित बरी. आणि नेमका तो एकटाच सर्वांआधी येऊन पहिल्यात शिरतो. त्याला पाहून दुसरा मनुष्य स्वतःची माहिती बाजूला ठेवतो, तिसरा दोघांना पाहून तेच करतो, आणि अखेर शंभरही जण पहिल्यात जेवतात. प्रत्येकाची वागणूक तर्काला धरून, आणि तरीही सर्वांचे मिळून शहाणपण शून्य.

हल्ली गर्दीची जागा भ्रमणध्वनीवरील तारकांनी घेतली आहे. परंतु त्या तारका देणारे कोण? बव्हंशी आपल्यासारखेच एका रात्रीचे पाहुणे. ज्याने आयुष्यात दोनदाच बांगडा खाल्ला, त्याने देखावा, पंखे आणि वाढप्याची लगबग यांनाच गुण दिले तर नवल नाही. पैसे देऊन लिहविलेल्या अभिप्रायांचा उपद्रव इतका वाढला की, भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये अशा अभिप्रायांसाठी एक मानक जाहीर केले. ते ऐच्छिक आहे, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

सर्व पाट्यांवर तेच पदार्थ का, याचेही उत्तर जुनेच आहे. एका लांबट बाजारपेठेतले दोन विक्रेते एकमेकांना सरकत सरकत मध्यभागी येऊन पाठीला पाठ लावून बसतात, हे हॅरल्ड होटेलिंग यांनी १९२९ साली दाखवले. सर्वांनाच सरासरी पर्यटक हवा असतो. म्हणून सुरमई, पापलेट, कोळंबी आणि न खाणाऱ्यांसाठी पनीर. बांगडा, तारली, तिसऱ्या यांना त्या मध्यभागी जागा नाही.

मागल्या आळीत

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी किनाऱ्यावर मासळीचा लिलाव पाहत आम्ही उभे होतो. टोपली भरून निघालेल्या एका मासळीवालीला वडिलांनी सरळ विचारले, ‘बाई, तुमच्या घरचे पाहुणे बाहेर जेवायचे झाले तर कुठे जातील?’ ती थांबली. धक्क्याकडे पाहून म्हणाली, ‘आजोबांनू, थंय जेव नकात. बाजाराच्या मागल्या आळयेत जावा. आताच सांगून ठेवलास तर ताजो बांगडो गावतलो.’

घर सापडले. पडवीत चार बाके, भिंतीवर खडूने लिहिलेली तीन पदार्थांची फळी, आणि त्यांतला एक पुसलेला. तो संपला होता. सासू रांधत होती, सून वाढत होती. बांगड्याची कढी, तिसऱ्यांचे सुके, भात, सोलकढी. शेजारच्या बाकावर एस्. टी. चे चालक-वाहक आणि एका बँकेतील दोन कारकून बसले होते. आदल्या रात्रीच्या निम्म्याहून कमी पैशांत आम्ही पोटभर जेवलो. वडील पहिल्या घासाला काही बोलले नाहीत. कढी दुसऱ्यांदा मागून घेतली, यात सर्व काही आले.

परंतु हात धुताना त्या बाईंनी जे सांगितले, ते ऐकून समाधान टिकले नाही. पाहुणे आणून सोडणाऱ्याला धक्क्यावर गिऱ्हाइकामागे दलाली मिळते. ती देण्याची ऐपत त्यांच्यात नाही. सुरमईला पर्यटकांची मागणी इतकी की ती त्यांनी रांधणेच सोडले आहे. नेहमीची गिऱ्हाइके आहेत म्हणून चूल पेटते. तीही बदल्या होऊन जातात. मुलाचे म्हणणे असे की हे बंद करून किनाऱ्यावर जागा घ्यावी आणि नूडल्स व मंच्युरियनची गाडी लावावी. ‘तो चुकतो असेही म्हणवत नाही,’ त्या म्हणाल्या.

सिंधुदुर्ग हा देशातील पहिला पर्यटन जिल्हा म्हणून १९९७ मध्ये जाहीर झाला. १९९८ मध्ये कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली, २०२१ मध्ये चिपीच्या विमानतळावर विमान उतरले. हे सर्व स्वागतार्हच आहे. पण पाहुण्यांचा पैसा मागल्या आळीपर्यंत पोहोचणार नसेल, तर ज्या चवीच्या ओढीने पाहुणा येतो तीच चव या पर्यटनामुळे नाहीशी होईल. अकरलॉफचा सिद्धांत तेव्हा पुस्तकात राहणार नाही. तो एका चुलीवर लागू झालेला असेल.

करता येण्याजोगे

उपाय अवघड नाहीत. नगरपरिषदेने धक्क्यावर एक साधा फलक लावावा. त्यावर गावातील नोंदणीकृत खानावळींची नावे, अंतर आणि थाळीचा दर असावा. ‘आकारानुसार’ या शब्दाला मनाई करून माशाचे वजन व दर आधी सांगणे सक्तीचे करावे. घरगुती मुक्कामासाठी पर्यटन विकास महामंडळाची निवास व न्याहारी योजना आहेच. तिच्या धर्तीवर घरगुती खानावळींना मान्यता देता येईल. गिऱ्हाइकाला पारख नसेल तेथे पारखीची जबाबदारी सार्वजनिक संस्थेने घ्यावी, हे तत्त्व आपण सोन्याच्या हॉलमार्कपुरते स्वीकारलेच आहे.

आणि पाहुण्यानेही थोडे कष्ट घ्यावेत. पाण्यापासून दहा मिनिटे आत चालावे. जे उद्या पुन्हा तेथेच जेवणार आहेत, अशा शिक्षक, कारकून, चालक, होडीवाले यांना विचारावे. यादी लांब असेल तर सावध व्हावे. ‘आज हे नाही’ असे सांगणाऱ्या घरावर विश्वास ठेवावा. नावाजलेल्या माशाचा हट्ट सोडून ‘आज काय आले?’ असे विचारावे. दर बसण्यापूर्वी विचारण्यात कमीपणा नाही. आणि शक्य तर संध्याकाळीच सांगून ठेवावे. घरगुती चुलीला उशिराची गर्दी सोसत नाही.

निघताना वडिलांनी पैसे दिले आणि सवयीने विचारले, ‘उद्याचे सांगून ठेवू काय?’ आमची गाडी सकाळची होती. पण मुक्काम एक दिवस वाढवावा, असे प्रस्तुत लेखकाने तेथेच ठरवले. परत येणारे गिऱ्हाईक होण्याची एवढी संधी दवडणे, अर्थशास्त्राच्या अध्यापकाला तरी शोभले नसते.